बडोद्याला जायचं तर स्टेपनी बाहेर

१६ जानेवारी १९९७, गुरुवार

मृणालनं तिच्या बँकेची ही डायरी दिली आणि वर टोमणा मारला, "बाबा, रिटायर झाल्यापासून तुमचं तोंड दिवसभर सुरू असतं. थोडं लिहीत जा, आईच्या कानांना आराम." कार्टी ऑफिसर झाली तरी जीभ तशीच आहे. संक्रांतीला म्हणून भोपाळहून आली ती अजून परत जायचं नाव नाही. लांब रजा घेतलीय म्हणे. सगळीकडे प्रायव्हेट बँका येऊन राहिल्यात, सरकारी बँकवाल्यांना कामच उरलं नसेल.

काल मायलेकी इंदूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आल्या. मला नेलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझं हार्टचं झालं तेव्हापासून मला दवाखान्याची हवासुद्धा लागू देत नाहीत. काय म्हणाले डॉक्टर, विचारलं, तर विनोदिनी म्हणाली, "पित्ताशयाला सूज आहे. औषध दिलंय, पथ्य पाळायचं." म्हटलं, चला, सुटलो. मला उगाच काय काय वाटत होतं.

आज चहा पिताना म्हणाली, "अहो, मला बडोद्याला जायचंय. सुमनअक्काकडे." सुमनअक्का म्हणजे तिची थोरली बहीण. म्हटलं, जाऊ की. आयुष्य रेल्वेत घातलं, फर्स्ट क्लासचा पास आहे, रात्री उज्जैनला झोपायचं आणि सकाळी बडोद्याला दात घासायचे. तर म्हणते, "रेल्वेनं नाही. आपल्या जीपनं."

ऐका! ज्या जीपला ही आजवर "माझी सवत" म्हणत आली, ती जीप. सरकारी लिलावातून घेतली तेव्हा हिनं माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

"मला बसवत नाही हो फार वेळ. मागे गादी घालून आडवी पडून येईन. झाबुव्याच्या रस्त्यानं जाऊ, पळस फुलायला लागेल."

ठीक. पण मागे गादी घालायची तर स्टेपनीचं काय? जादा चाक सध्या आत, दोन बाकांच्या मधे पडलेलं असतं. खरं तर ते गाडीच्या मागे बाहेर, एका लोखंडी स्टँडवर असायचं. हा स्टँड दारासारखा बाजूला उघडतो, चाकासकट, आणि मग मागचं दार उघडतं. दिवाळीत त्याचा वरचा कब्जा, म्हणजे बिजागरी, फाटला, तेव्हापासून चाक आत. म्हणजे बडोद्याला जायचं तर स्टेपनी बाहेर, आणि स्टेपनी बाहेर काढायची तर आधी कब्जा.

"किती दिवसांचं काम?" तिनं विचारलं.

"एका दिवसाचं."

"घाई नका करू. नीट करून घ्या."

घाई नका करू! लग्न झाल्यापासून हे वाक्य हिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

२० जानेवारी, सोमवार

आगर नाक्यावर गेंदालालचं वेल्डिंगचं दुकान आहे. माणूस हाताला तेज आहे, पण तोंडात सदा गुटखा आणि प्रत्येक गोष्टीवर "हो जाएगा भैय्यासाहब". मला सगळं गाव भय्यासाहेबच म्हणतं, शिंद्यांच्या दरबारातल्या कारकुनीचा तेवढाच एक वारसा आमच्याकडे उरला.

हातोडी बरोबर नेली होती. माझी नोकरी कॅरेज-वॅगनमधली. गाडी स्टेशनात लागली की डब्याखाली वाकून चाकं, स्प्रिंगा ठोकत जायचं आणि ऐकायचं. लोखंड धड असेल तर आवाज लांबत जातो, तडा असेल तर जागीच बसतो. माझ्या हाताखालून तडा गेलेलं चाक कधी पुढे गेलं नाही, हे मी छाती ठोकून सांगू शकतो. इथं कब्ज्यावर हातोडी मारली तर फाटक्या ढोलकीसारखा आवाज आला.

गेंदालालनं तासाभरात वेल्डिंग मारून दिलं. मी म्हटलं, पत्रा पातळ आहे, धरणार नाही. म्हणाला, हो जाएगा. शनिवारी निघायचं ठरवलंय. विनोदिनीला सांगितलं तर नुसती हसली. पोटात दुखत होतं म्हणून पडून होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

काय बोललो होतो? आगर रोडवर ट्रायल घेतली. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात कडाड् आणि स्टँड चाकासकट लोंबकळला. दोरीनं बांधून पहिल्या गिअरमधे घरी आणला. आमच्या फ्रीगंजभर लोकांनी तमाशा बघितला.

गेंदालालला निरोप धाडला की मुकाट्यानं घरी येऊन बघ. आला. अंगणात उभं राहून त्याला चांगला झापला. पत्र्याच्या बॉडीवर एवढं चाक लटकवायचं म्हणजे पापडाला खुंटी ठोकण्यातला प्रकार. मी मागे माळ्यावरून जुने बोल्ट काढायला गेलो तेवढ्यात विनोदिनीनं त्याला आत बोलावून चहा दिला. हिला कुणी आलं की चहा पाजल्याशिवाय चैन पडत नाही. मी आलो तेव्हा तो तिच्या पलंगाजवळ खालमानेनं उभा होता. गुटखा थुंकून आला असावा, तोंड रिकामं होतं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "भैय्यासाहब, इसको तो जड़ से बनाना पड़ेगा. टाइम लगेगा."

"तासाभरात करणारा तू, आता टाइम कसला?"

"लगेगा साहब. मजबूत काम में लगता है."

चला, डोक्यात उजेड पडला म्हणायचा. शनिवारचं रद्द झालं. मला वाटलं विनोदिनी हिरमुसेल, तर उलट तिनंच माझी समजूत काढली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आता बेत असा. भार पत्र्यावर द्यायचाच नाही. मागच्या बंपरखाली जाड लोखंडी चॅनेल आहे, तो थेट चेसिसला धरलेला आहे. त्याच्यावर एका बाजूला उभा खांब. खांबात अंगठ्याहून जाड पिन, पिनेवर नळीसारखा पितळी बुश, आणि बुशभोवती फिरणारा चौकोनी पाइपचा हात. चाक त्या हातावर. असं केलं की बॉडी सुटी आणि वजन चेसिसवर. वॅगनचं दार असंच असतं.

बेत माझा, पण हात गेंदालालचे, आणि त्या हातांना काय झालंय कोण जाणे. "पिन खराद पे गई है." म्हणजे लेथवर. दुसऱ्या दिवशी, "खरादवाला गमी में गया है," कुणाच्या मयताला म्हणे. तिसऱ्या दिवशी, "लाइट नहीं है." लाइट समोर जळत होती! मी असा बोललो त्याला की शेजारचा पंक्चरवाला बाहेर येऊन उभा राहिला. गेंदालाल एक शब्द उलट बोलला नाही. स्टूल पुसून म्हणाला, "बैठो भैय्यासाहब, पोहे मँगाऊँ?"

विनोदिनीचे डोळे पिवळे दिसतात. कावीळ असणार. डॉक्टर बदला म्हटलं तर मृणाल माझ्यावर खेकसली आणि मग आत जाऊन तोंड धुवून आली. विनोदिनी मात्र माझ्या मागे लागलेली असते, "अहो, अकरा वाजायला आले. गेंदालालकडे नाही का जायचं? तुम्ही डोक्यावर बसल्याशिवाय तो करायचा नाही." बरोबरच आहे तिचं.

परत येताना गल्लीत एक नर्स सायकल काढताना दिसली. शेजारी कुणीतरी आजारी असावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

खांब बसला. मी हातोडी मारली. आवाज असा लांबत गेला की गेंदालालसुद्धा हसला. जोर लागू नये म्हणून खांबाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी तिकोनी पट्ट्या लावून घेतल्या. आता रेड्यानं धडक दिली तरी हलायचा नाही.

घरी येऊन विनोदिनीला समजावून सांगितलं. लाटणं उभं धरलं, हा खांब. त्याला उलथनं लावलं, हा हात. उलथन्याच्या टोकाला पुरी, ही स्टेपनी. आजवर हिला स्क्रू आणि खिळा यातला फरक सांगता आला नव्हता. आज पलंगावर बसून सगळं ऐकत होती. "आणि पुरी खाली नाही का झुकणार?" म्हणाली. बघा! मुद्द्याचं विचारलं. म्हटलं, तू गेली असतीस तर कॅरेज-वॅगनमधे माझी साहेब झाली असतीस.

हसताना हात वर केला तर बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. म्हणाली, "अडकतात हो कामात, म्हणून वर सारल्या." हल्ली काम सगळं मृणाल करते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

विनोदिनी म्हणाली तेच झालं. चाक चढवलं तर हात टोकाला बोटभर झुकला आणि बंद करताना खटका जागेवर लागेना. गेंदालाल म्हणतो खटका खाली घेऊ. मी म्हटलं, गाढवा, आज बोटभर झुकला, उद्या दोन बोटं झुकेल, रोज खटका खाली घेत बसणार का? बंद केल्यावर चाकाचं वजन कशावर तरी टेकलं पाहिजे. बंपरवर उतरता टेकू करायचा, हात बंद होताना त्याच्यावर चढून बसेल. म्हणजे पिनेला आराम.

आठवडा गेला ह्यात. मला राग यायला हवा, पण खरं लिहायचं तर दुकानात बरं वाटतं. तिथं काय बिघडलंय ते दिसतं, आणि काय करायचं तेही कळतं. घरी आलो की विनोदिनी झोपलेली असते. दोन घास भात आणि ताक, बस्स. सायंकाळी मी पलंगाशी बसलो की ती लगेच विचारते, "आज काय झालं गाडीचं?" मग मी सांगत बसतो आणि ती डोळे मिटून ऐकते.

पळस फुलला असेल आता. म्हटलं, जरा उशीर होतोय. म्हणाली, "फुलेल की पुढच्या वर्षी."

७ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्र. सगळं गाव महाकाळकडे. दुकानं बंद, गेंदालाल रांगेत. म्हणून आज दिवसभर घरी राहिलो.

अकराच्या सुमारास मृणाल म्हणाली, "बाबा, भैरवगडला जाऊन छापाची चादर घेऊन या ना. आईला गादीवर घालायला तीच हवीय." म्हटलं, आज? शिवरात्रीला? कोण दुकान उघडून बसलंय? उद्या आणतो. तर म्हणाली, "एकाचं घर दुकानामागेच आहे, तो देतो. जा ना बाबा." आवाज असा काढला, जसं काही मी चादर आणली नाही तर आभाळ कोसळेल.

चपला घालत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला. एकदाच. मग मृणालनं दार लोटून घेतलं.

जन्मभर मी आवाज ओळखायचं काम केलं. हा आवाज मला ओळखायचा नव्हता. मी स्कूटरला किक मारली आणि भैरवगडला गेलो.

चादर आणली. लाल आणि काळी, कडेला कोयऱ्या. परत आलो तेव्हा विनोदिनी शांत झोपली होती आणि खोलीत स्पिरिटचा वास येत होता. मृणालला विचारलं, इंजेक्शन दिलं का कुणी? म्हणाली, "ताकदीचं." मी पुढे काही विचारलं नाही.

१५ मार्च, शनिवार

सुमनअक्का आली! न कळवता, रेल्वेनं, सकाळच्या गाडीनं. म्हटलं, अहो अक्का, आम्हीच येणार होतो की तुमच्याकडे. गाडी होतच आली. आता तुम्ही इथं, तर आम्ही बडोद्याला जाऊन कुणाला भेटायचं? तुमच्या कुलपाला?

हसल्यासारखं केलं तिनं. हिरव्या चिवड्याचा पुडा माझ्या हातात दिला आणि सरळ आत गेली. दोघी बहिणींनी दार लावून घेतलं. मी बाहेर चिवडा धरून उभा. बायकांचं काही कळत नाही.

दुपारी अक्काला गेंदालालच्या दुकानी नेऊन जीप दाखवली. टेकू बसलाय, हात वर चढून कसा बसतो तेही दाखवलं. अक्का पदर तोंडाला लावून रडायला लागली. लोखंडाला बघून रडणारी बाई पहिल्यांदा पाहिली. मी म्हटलं, अक्का, ती बरी होतेय. आता फक्त खटका राहिलाय.

"हो," म्हणाली, "करा तुम्ही. छान करताय."

खटका आज गेंदालालनं बसवलासुद्धा होता. हातोडी मारून बघितली, बसवला तो ठीकच होता. मी म्हटलं, सैल वाटतो, काढ. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि काढला.

२८ मार्च, शुक्रवार, रंगपंचमी



दुपारी गेंदालाल स्वतः जीप घेऊन आला. तोंड हिरवं-जांभळं, केसात गुलाल. "लो भैय्यासाहब. अब कुछ बाकी नहीं." मी शोधलं. खरंच काही बाकी नव्हतं. खटका घट्ट, टेकूवर रबर, उघडल्यावर वाऱ्यानं मिटू नये म्हणून आकडा. पिनेत ग्रीस असं भरलेलं की एका बोटानं ढकललं तरी एवढं जड चाक मलईसारखं सरकतं. काल चढवताना माझ्या कमरेत कळ आली होती.

विनोदिनी म्हणाली, "मला दाखवा."

"अगं, खिडकीतून बघ."

"नाही. मागे झोपून बघते."

अक्कानं आणि मृणालनं गादी घातली, वर भैरवगडची चादर. मला वाटलं तिघांनी मिळून उचलावी लागेल. मी एकट्यानं उचलली. काही वजनच नव्हतं. कमरेत कळसुद्धा आली नाही.

आत निजवली. मी स्टँड एका बोटानं मिटवून दाखवला, उघडून दाखवला. ती बघत होती. "आवाजच येत नाही हो," म्हणाली. म्हटलं, यायलाच नको. सायंकाळ होत आली होती, टॉवर चौकाकडून ढोल ऐकू येत होते. मागचं दार सताड उघडं होतं आणि पश्चिमेला तो पेपरात येतो तो धूमकेतू दिसायला लागला, शेपूट वर करून. मृणालनं तिला उशी लावून दिली. बराच वेळ बघत राहिली.

"उद्या निघायचं?" मी विचारलं.

मग तिनं मृणालला सांगितलं, "दही आण." आमच्याकडे घरातून लांब निघताना हातावर दही-साखर घालतात. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक ड्युटीला हिनं घातलं, एकदा चुकली नाही. रतलामला बदली होती तेव्हा तर दर सोमवारी.

म्हटलं, "आत्ता कशाला? निघताना घाल."

"सकाळी गडबड असते. राहून जाईल. आत्ताच घ्या." वाटीतून चमचा तिला उचलवेना. मी हात तिच्याजवळ नेला तेव्हा बोटानं दही घातलं तिनं माझ्या तळव्यावर. "सावकाश चालवा," म्हणाली. "घाटात घाई नका करू. आणि पोचल्यावर आधी चहा घ्या, मग बोला."

मी दही खाल्लं. तिथंच उभं राहून हात चाटला. मग गाडीच्या मागे गेलो आणि चाकावर डोकं टेकून रडलो. ती आतून म्हणाली, "अहो, ग्रीस लागेल शर्टाला."

३१ मार्च, सोमवार

गाडी झाली. आता अकरा वाजले तरी कुठं जायचं नसतं. नर्स आली, मी दार उघडलं. माझ्याकडे बघून ती गडबडली. म्हटलं, या, आत आहे.

मी पलंगाशी स्टूल घेऊन बसलो. आज मला कुणी बाहेर पाठवलं नाही. विनोदिनीनं डोळे उघडले. "आवाज येतोय का अजून गाडीचा?"

"नाही."

"मग बसा आता."

बसलो. तिचे पाय मांडीवर घेतले. थंड होते. मी चोळत बसलो आणि तिला रतलामच्या गोष्टी सांगितल्या, स्टेशनवरच्या कचोरीवाल्याची, क्वार्टरमधे निघालेल्या सापाची. तिला सगळ्या पाठ होत्या. मी चुकलो तिथं तिनं मान हलवली.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी गेली. मी जवळ होतो.

८ एप्रिल, मंगळवार

पाडवा. शेजाऱ्यांकडे गुढ्या उभ्या आहेत. काल रामघाटावर अस्थी सोडल्या. गुरुजी म्हणाले, मागे वळून बघू नका. मी बघितलं. काय होणार होतं आता?

मृणालनं सगळं सांगितलं. जानेवारीतच इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय, काही करण्यासारखं नाही. प्रवासाचं तर नावच काढू नका. बडोद्याचं तिनं घरी परत येताना बसमधे ठरवलं. मृणाल म्हणाली, आई, बाबांना हे सांगायलाच हवं. तर म्हणाली, "त्यांना हातात काम नसलं तर ते मरतील माझ्या आधी. त्यांचं हार्ट आहे. त्यांना गाडी करू दे."

मी मृणालवर खूप ओरडलो. मला का नाही सांगितलं? मी तिचा कोण होतो? तीन महिने मला घराबाहेर हाकलून तुम्ही काय केलंत? ती नुसती रडत राहिली. मग मलाच वाईट वाटलं. तिनं एकटीनं सगळं सोसलं, आणि वर माझी बडबड ऐकली.

२० एप्रिल, रविवार

तेरावं झालं, पाहुणे गेले. आज गेंदालाल आला. पांढरा धुतलेला शर्ट, मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. अंगणात जीपच्या सावलीत बसला. पाणी दिलं, प्यायला नाही.

मग म्हणाला, "भैय्यासाहब, आप मुझे खूब डाँटे. मैं सुन लेता था. पर एक बात बोलनी है, नहीं तो मुझे नींद नहीं आती."

म्हटलं, बोल.

"उस दिन चाय पिलाई थी न माताजी ने. पूछा, कितने दिन का काम है. मैं बोला, दो दिन का, खंभा खड़ा कर देता हूँ. तो हाथ जोड़ लिए मेरे सामने. बोलीं, भैय्या, ऐसा बनाना कि टाइम लगे. ये रोज़ तेरे पास आएँगे, इनको बिठाना, काम निकालते रहना. मैं पूछा, कब तक? बोलीं, मैं हूँ तब तक."

मी त्याच्यापुढचा पाण्याचा पेला उचलून स्वतःच प्यायलो.

"खराद-वराद सब झूठ था साहब. पिन तो मेरे पास पड़ी थी. होली पे बेटी आई, बोली, अब ले आओ, अब माँ को देखना है. तब लाया."

त्याला वाटलं मी चिडेन. मी त्याला म्हटलं, गेंदालाल, तो पहिल्यांदा बसवलेला खटका ठीक होता. सैल नव्हता. तरी मी काढायला लावला.

"मालूम है साहब," तो म्हणाला. "हथौड़ी मारी थी न आपने उस पर. साफ़ बोल रहा था."

म्हणजे ह्यालाही माहीत होतं. ती वेळ काढत होती, आणि मीही काढत होतो, आणि एकमेकांना सांगत नव्हतो. गाडी तयार झाली की बडोद्याला जावं लागेल, आणि बडोद्याला जाता येणार नाही हे कळेल, म्हणून मी खटके काढत बसलो. शिवरात्रीलाच मला कळलं होतं. विनू, मला कळलं होतं गं. त्या दिवशी चादर आणायला न जाता दार उघडून आत आलो असतो तर आणखी काही दिवस तुझे पाय चोळायला मिळाले असते.

गेंदालाल गेल्यावर जीपभोवती हातोडी घेऊन फिरलो. खांब, पट्ट्या, हात, टेकू. सगळीकडे आवाज लांब गेला. एवढं पक्कं काम मी रेल्वेतसुद्धा पाहिलं नाही. आणि तिला त्यातून फाटकाबाहेरसुद्धा नेता आलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

सुमनअक्काला बडोद्याला परत जायचंय. मृणालनं रात्रीच्या गाडीचं तिकीट काढायला माझा पास मागितला. मी म्हटलं, रेल्वेनं नाही. जीपनं जाऊ.

मृणाल म्हणाली, बाबा, तुमचं हार्ट, एवढ्या लांब, ऊन केवढं आहे, पळसही आता गळून गेला असेल. म्हटलं, गळू दे. रस्ता तर आहे. सावकाश जाऊ, घाटात घाई नाही करायची.

सामान अक्काच्या पायाशी पुढे ठेवलं. मागे ठेवायला मी दिलं नाही. गादी तशीच आहे, चादरही. तिच्या डोक्याचा खळगा उशीत अजून आहे, मृणाल झटकायला गेली तर मी हात धरला. मागचं दार लावलं, स्टँड एका बोटानं मिटवला. खटका लागला. आवाज आला नाही.

गाडी सुरू करायच्या आधी एवढं लिहून घेतोय. मृणाल आत्ता वाटी घेऊन आली. "बाबा, हात पुढे करा, दही."

म्हटलं, अक्काला दे. माझं घेऊन झालंय.